‘ते’ कुठं गेलं? पोर्तुगीज लिंगांच्या वहीतल्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार, पोर्तो

चौकटींची शंभरपानी वही आणली, सोबत एक निळी पेन्सिल आणि एक लाल. पुल्लिंगी नाम निळ्यात लिहायचं, स्त्रीलिंगी लालमध्ये. तिसरी पेन्सिल लागणार नाही, कारण पोर्तुगीजमध्ये नपुंसकलिंगी नामच नाही. तीन लिंगांत लहानाचा मोठा झालेल्याला दोन म्हणजे किरकोळ काम, असं आज तरी वाटतंय.

प्रकल्प एवढाच: रोजच्या वापरातली पाचशे नामं, आणि प्रत्येकाचं लिंग न अडखळता तोंडात यायला हवं. मुदत २३ जूनची रात्र, म्हणजे इथला सांव जुआंवचा सण. गोव्यातला सांजांव तो हाच.

इथं येऊन दोन वर्षं होत आली. कचेरीत इंग्रजीवर भागतं, त्यामुळे भाषा अंगाला लागलीच नाही. मुलगा मात्र शाळेत जाऊन काही महिन्यांत घडाघडा बोलायला लागला. नाताळाच्या खरेदीत मी एका दुकानात ‘ऊमा प्रुब्लेमा’ म्हणालो, एक अडचण आहे अशा अर्थानं. सहा वर्षांच्या पोरानं गल्ल्यावरच्या बाईंकडे बघून डोळे फिरवले आणि म्हणाला, ‘उं प्रुब्लेमा, बाबा.’ दोघंही हसली. ही वही त्या हसण्याची देणगी.

लिहिण्याची रीत: सगळे शब्द देवनागरीत, इथं जसे ऐकू येतात तसे. लिहिताना असलेला शेवटचा ‘ओ’ बोलताना ‘उ’ होतो, म्हणून पुस्तक ते ‘लिव्रु’. पुल्लिंगी उपपद ‘उ’, स्त्रीलिंगी ‘अ’. शब्दाच्या शेवटी मी ‘आ’ लिहिला तरी तो अर्धाच म्हणायचा.

११ जानेवारी

नियमांचा दिवस. ‘उ’नं संपणारं पुल्लिंगी, ‘आ’नं संपणारं स्त्रीलिंगी. उ लिव्रु, अ काझा (घर). ‘दाद’नं संपणारं स्त्रीलिंगी: सिदाद (शहर), व्हर्दाद (सत्य). ‘झेंय’नं संपणारं बहुतेक स्त्रीलिंगी: विआझेंय (प्रवास), गराझेंय. ‘सांव’नं संपणारी भाववाचकं स्त्रीलिंगी: नसांव (राष्ट्र), इश्तसांव (स्थानक). पण कुरासांव, म्हणजे हृदय, पुल्लिंगी.

‘ओर’वाल्यांनी थोडं दमवलं. फ्लोर (फूल), कोर (रंग), दोर (वेदना) लाल. अमोर (प्रेम), कलोर (उष्मा), सबोर (चव) निळे. शेवटी एवढं लक्षात आलं की एका अवयवाचे शब्द लाल आहेत आणि लांब आहेत ते निळे. व्याकरणाच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नाही, पण माझ्या वहीत चालतंय.

अपवादांचं पान वेगळं ठेवलं. ‘आ’नं संपूनही पुल्लिंगी: दिआ (दिवस), मापा (नकाशा), प्रुब्लेमा, सिश्तेमा (व्यवस्था), क्लीमा (हवामान), पुएमा (कविता), इदिओमा (भाषा), प्लनेता (ग्रह). उलट बाजूला फॉतु (फोटो) आणि मॉतु (मोटरसायकल), ‘उ’नं संपूनही स्त्रीलिंगी, कारण दोन्ही लांबलचक स्त्रीलिंगी शब्दांची तोडलेली रूपं आहेत. आणि मांव, म्हणजे हात. तो स्त्रीलिंगी. का, ते विचारू नये.

१९ जानेवारी, रविवार

शरीराचे अवयव घेतले. आपल्याकडचं लिंग शेजारी लिहून पाहिलं आणि खरी गोम कळली.

डोळा, दात, केस, पाय: आपल्याकडे पुल्लिंगी, इथंही पुल्लिंगी. जीभ दोन्हीकडे स्त्रीलिंगी. बरं चाललं होतं. मग नपुंसकलिंगी आले. नाक इथं पुल्लिंगी (नरीश). पोट स्त्रीलिंगी (बरिगा). डोकं स्त्रीलिंगी (कबेसा). तोंड स्त्रीलिंगी (बोका). माझा समज असा होता की ‘ते’ला जागा नसली तर सरळ ‘तो’ म्हणून टाकावं, चुकलं तर थोडंच चुकेल. तसं नाही. आपली ‘ते’वाली मंडळी इथं दोन घरांत वाटली गेली आहेत आणि वाटणी कुणाला विचारून झालेली नाही. दूध निळं, मीठ निळं, झाड लाल, पाणी लाल.

आईला व्हिडिओ कॉलवर वही दाखवली. तिनं रंग बघितले, म्हणाली, ‘दोनच? मग ‘ते’ कुठं गेलं?’

२६ जानेवारी, रविवार

आईच्या प्रश्नानं आठवडा खाल्ला. नामं वाढली नाहीत, पण हे लिहून ठेवतो.

लॅटिनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं होती. बोलीत शब्दांची शेवटची व्यंजनं गळत गेली, पुल्लिंगी ‘उस्’ आणि नपुंसकलिंगी ‘उम्’ कानाला सारखेच लागू लागले, आणि एकवचनी नपुंसकलिंगी नामं बहुतेक पुल्लिंगी घरात शिरली. वाइन त्यातलीच: विनुम् होती, आता उ विन्यु.

पण अनेकवचनाचं वेगळंच झालं. लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी अनेकवचन ‘आ’नं संपायचं, आणि स्त्रीलिंगी एकवचनही ‘आ’नंच. ऐकणाऱ्यांची गल्लत झाली. ‘पानं’ या अर्थाचा फोलिया एक स्त्रीलिंगी पान होऊन बसला: अ फोल्या. ‘लाकडं’ या अर्थाचा लिग्ना झाला अ लेन्या, म्हणजे सरपण.

इथं मी खुर्चीतून उठलो. आपणही चुलीसाठी ‘लाकडं’च आणतो, लाकूड नाही. आणि ती लाकडं, ती पानं, ती मुलगी: आपलं नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन दोन्ही ‘ती’च आहेत! ज्या भोकातून लॅटिनचं तिसरं लिंग सांडलं तेच भोक आपल्याही पिशवीला आहे. आपलं सांडलं नाही. हिंदीनं टाकलं, मराठी, कोकणी, गुजरातीनं ठेवलं.

अपवादांचं पान पुन्हा काढलं. प्रुब्लेमा, सिश्तेमा, पुएमा, क्लीमा, इदिओमा. हे सगळे मूळचे ग्रीक, आणि ग्रीकमध्ये ‘मा’नं संपणारी ही नामं नपुंसकलिंगी. म्हणून इथं ‘आ’ असूनही पुल्लिंगी घरात आली. ग्रीकचा हा ‘मा’ आणि संस्कृतचा ‘मन्’ भाऊभाऊ: नाम, कर्म, चर्म. म्हणजे दुकानात मी चुकलो तो शब्द व्याकरणाच्या नात्यानं आपल्या ‘ते कर्म’चा चुलतभाऊ निघाला. उलट कामा (पलंग), लामा (चिखल) हे ग्रीक घराण्यातले नाहीत, ते साधे लाल.

आईला फोन करून सांगितलं की ‘ते’ प्रॉब्लेममध्ये लपलंय. ती म्हणाली, ‘जेवलास का?’

२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर पाऊस. नवी नामं न घेता जुना हिशेब काढला: पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द वाटेत लिंग बदलून आले का?

चावी सरळ आली. इथं अ शाव, तिथं ती चावी. पाव पुल्लिंगीच राहिला, लिलावही. पपई इथंही स्त्रीलिंगी (पपाया), काजू इथंही पुल्लिंगी (कझू). पण बादली? इथं उ बाल्द, पुल्लिंगी. परात ज्यातून आली तो प्रातु, म्हणजे ताट, पुल्लिंगी. पिंप इथं स्त्रीलिंगी (पीपा), घमेलं स्त्रीलिंगी (गमॅला), पिस्तूल स्त्रीलिंगी (पिश्तॉला), काडतूस पुल्लिंगी (कर्तूशु). ह्या चौघांना आपण ‘ते’ करून टाकलं. इथल्यांनी तिसरं लिंग घालवलं आणि आपण त्यांच्याच शब्दांना ते लावलं, हे मला फार आवडलं. पगार तर नामच नव्हतं. ‘पगार’ हे इथलं क्रियापद, पैसे देणे. आपण त्याला खिशात घालून पुल्लिंगी केलं.

सगळ्यात कामाचा निघाला बटाटा. इथं अ बताता, स्त्रीलिंगी. कारण ‘आ’नं संपतो. मराठीत तो बटाटा, पुल्लिंगी. कारण तोच, ‘आ’नं संपतो! घोडा, रस्ता, पंखा, आंबा: मराठी कानाला शेवटचा ‘आ’ म्हणजे पुरुष. पोर्तुगीज कानाला शेवटचा ‘आ’ म्हणजे बाई. माझ्या निम्म्या चुका इथून येतात. काझा म्हणताना आतून कुणीतरी ‘तो काझा’ म्हणतं आणि जीभ ‘उ’कडे वळते.

उपाय आजोळी सापडला. आजी वेंगुर्ल्याची. ती घोडो म्हणायची, आंबो म्हणायची, वारो म्हणायची. मालवणीत, कोकणीत पुल्लिंगी ‘ओ’ आहेच, इथल्यासारखा. आता वही वाचताना मनातल्या मनात आजीच्या आवाजात वाचतो.

आंब्यावरून आठवलं: हापूस अफोंसु या पुरुषी नावावरून, आणि पायरी परेइरा या आडनावावरून आली असं म्हणतात. परेइरा म्हणजे नासपतीचं झाड, इथं स्त्रीलिंगी. तो हापूस, ती पायरी. इथं बरीच झाडं अशी बायकी आहेत: संत्र्याचं, सफरचंदाचं, अंजिराचं, आंब्याचं. काजूचं आणि नारळाचं मात्र पुरुषी. फळ जे, झाड तेच, असंही नाही: अंजीर निळं, अंजिराचं झाड लाल.

९ फेब्रुवारी

काही झालं नाही. मुलाला ताप होता. ताप स्त्रीलिंगी, फॅब्र.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोनशे चाळीस नामं झाली. रंगानं विचारलं तर ऐंशी-नव्वद टक्के बरोबर. म्हणून आज बुल्यांवच्या मंडईत परीक्षा द्यायला गेलो. ही जुनी मंडई, दुरुस्तीसाठी कित्येक वर्षं बंद होती, २०२२ मध्ये पुन्हा उघडली. भाजीवाल्या मावशी इथं ग्राहकाला ‘फील्यु’ म्हणतात, म्हणजे बाळा. चाळिशीतल्या माणसालाही.

पार आपटलो. नामं माहीत होती, लिंगं माहीत होती, तरी ऐकूच येईना. ‘अ’ हे उपपद इथं एवढं पुसट बोलतात की आधीच्या शब्दाच्या शेवटच्या ‘आ’त ते विरघळून जातं. ‘उ’चंही तसंच. वहीत मी नामापुढं उ किंवा अ लिहितोय, आणि बोलण्यात तीच दोन अक्षरं सगळ्यात कमी ऐकू येतात! वर्षभर जरी असं पाठ केलं असतं तरी कानानं त्यात भर घातली नसती, कारण कानापर्यंत काही पोचतच नव्हतं.

मग एक गोष्ट घडली. मी कोबीसाठी ‘उं कोव’ म्हणालो. कोव म्हणजे आपल्या कोबीची आई, पण इथं त्या नावाखाली मोठ्या पानांची पालेभाजी येते. आपल्यासारखा गड्डा हवा तर रपोल्यु मागायचा. मावशींनी सरळ विचारलं, ‘ऊमा? दुअश?’ एक की दोन? आणि लख्ख ऐकू आलं. दुअश! दोन, स्त्रीलिंगी. पुल्लिंगी असता तर दोइश. पोर्तुगीजमध्ये दोनलाही लिंग आहे, जसं आपल्याकडे माणसांपुरतं आहे: दोघे, दोघी. आणि ‘दुअश’ कुणीही पुसट बोलत नाही, कारण दुकानदाराला नगाचा हिशेब चुकवायचा नसतो.

आणखी एक गंमत. ह्या उत्तरेकडच्या भागात ‘व्ह’चा ‘ब’ करतात. मावशींच्या तोंडी कोवचा जवळजवळ ‘कोब’ झाला. मी भाजी घेऊन उभा राहिलो आणि ‘कोब, कोबी’ म्हणत हसत बसलो. मावशींनी एक गाजर फुकट दिलं, बहुधा काळजीपोटी.

८ मार्च, शनिवार

वही मोडली. लाल-निळं बंद.

आता एकही नाम एकटं लिहायचं नाही. प्रत्येकाशेजारी असा शब्द हवा की ज्याचं लिंग ठणठणीत ऐकू येतं. मोजता येणाऱ्या वस्तूला दोइश किंवा दुअश. आपल्या अंगाची किंवा घरची गोष्ट असेल तर मेउ किंवा मिन्या, म्हणजे माझा, माझी. मोजता न येणाऱ्याला मुइंतु किंवा मुइंता, म्हणजे पुष्कळ. मिन्या मांव. मेउ नरीश. दुअश पोंतश, दोन पूल. मुइंतु लेइत, मुइंतु साल, मुइंता आग्वा.

खरं तर मराठीत आपण दुसरं काय करतो? एखाद्या नव्या शब्दाच्या लिंगाची शंका आली की कुणी कोश उघडत नाही. माझा, माझी, माझं लावून बघतो आणि कानाला जे खटकत नाही ते ठेवतो. लिंग नामात साठवलेलं नसतं, ते सोबत्यात असतं. ही गोष्ट मला येत होती आणि तरी दोन महिने मी पेन्सिली झिजवल्या.

सोबती निवडताना एक काळजी. ग्रांद (मोठा), व्हॅर्द (हिरवा), अझुल (निळा), फलीश (आनंदी) ही विशेषणं दोन्ही लिंगांना तशीच राहतात, आपल्या लाल, गोड, सुंदरसारखी. ती काहीच सांगत नाहीत. नोव्हु-नोव्हा (नवा, नवी) मात्र दोनदा सांगतं: शेवट तर बदलतोच, शिवाय पुल्लिंगीत मधला स्वर ओ, स्त्रीलिंगीत ऑ. नोव्हु, नॉव्हा. शेवटचा स्वर गिळला तरी मधल्या ऑवरून बाई ओळखू येते.

संध्याकाळी दों लुईशच्या पुलावर गेलो, १८८६ चा, लोखंडी कमानीचा. वरून मेट्रो जाते. पूल इथं स्त्रीलिंगी. खालची नदी दोरु, ती पुल्लिंगी! इथं सगळ्या नद्या पुल्लिंगी, कारण रिउ (नदी) हा शब्दच पुल्लिंगी. तेझु, मोंदेगु, आणि हो, गंगासुद्धा: उ गांझश. आईला हे सांगायचं की नाही, ठरवलेलं नाही.

२३ मार्च, रविवार

जुळे घेतले. एकच शब्द, लिंग बदललं की अर्थ बदलतो.

उ कपिताल म्हणजे भांडवल, अ कपिताल म्हणजे राजधानी. अ पुलीसिआ म्हणजे पोलीस खातं, उ पुलीसिआ म्हणजे एक पोलीस शिपाई. उ मोराल म्हणजे मनोधैर्य, अ मोराल म्हणजे नीती. हे अवघड जाईल असं वाटलं होतं, पण आपला ‘वेळ’ आठवला. ‘पुष्कळ वेळ गेला’ आणि ‘गाडीची वेळ झाली’. कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. लहानपणी वेळ पाळली नाही म्हणून वेळ वाया गेल्याची बोलणी खाल्ली, त्यातून आलं.

ग्रामा पुल्लिंगी, वजनाचा. म्हणून दोनशे ग्रॅम चीज मागताना ‘दुझेंतुश’ म्हणायचं. इथं शेकड्यांनाही लिंग आहे. गंमत म्हणजे मंडईत निम्मी माणसं ‘दुझेंतश’ म्हणतात आणि चीज मिळतं. कोशाप्रमाणे ते चूक. मी दुझेंतुशच म्हणणार. परक्याची चूक चूक ठरते, घरच्याची बोली.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी आज आजोबा-आजी शिकवले. अवो आणि अवॉ. बाकी सगळं तेच, फरक एका स्वराचा. आजोबा मिटलेल्या तोंडाचे, आजी उघड्या तोंडाची, असं त्यांनी हातानं करून दाखवलं. रोमन लिपीत डोक्यावरची खूण बघत बसावं लागतं. आपल्या ऑनं काम एका काठीत आणि चंद्रात भागवलं. दोघं मिळून अवॉश, आजीच्याच स्वरात. बायकोनं हे ऐकून समाधान व्यक्त केलं, कारण इथल्या व्याकरणात जमावात एक पुरुष आला की सगळे पुल्लिंगी होतात. आपल्याकडे अशा वेळी निदान ‘ती दोघं’ म्हणायची सोय आहे.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी साडेअकराच्या सुमारास वीज गेली. आधी वाटलं आमच्या इमारतीची, मग रस्त्याची, मग कळलं पोर्तुगाल आणि स्पेन, दोन्ही देशांची. मेट्रो बंद, सिग्नल बंद, फोनला रेंज नाही. मुलाला शाळेतून चालत आणलं.

आजींच्या घरी पेटीतून एक जुना रेडिओ निघाला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो. ज्यात सेल घालायचे तो उ रादिउ, पुल्लिंगी. ज्यावरून बातम्या येत होत्या ते केंद्र अ रादिउ, स्त्रीलिंगी. आजी एकदा हा म्हणत, एकदा ती म्हणत, आणि एकदाही चुकल्या नाहीत. मार्चमध्ये जुळ्यांच्या पानावर हा शब्द सुटला होता. आज कायमचा बसला.

दुपारनंतर जिन्यात, रस्त्यात, दुकानासमोरच्या रांगेत एकच शब्द: अपगांव. म्हणजे हा महाअंधार. ‘आंव’नं संपतो म्हणून मी लाल समजलो, आजी म्हणाल्या, उ अपगांव. तेव्हा नियम नीट कळला. ‘सांव’वाली भाववाचकं स्त्रीलिंगी खरी, पण नुसता ‘आंव’ जेव्हा मोठेपणा दाखवतो तेव्हा नाम पुल्लिंगी. आपल्यासारखंच, मोठं ते पुरुषी: विळी-विळा, सुरी-सुरा, लोटी-लोटा. मी खूश होऊन हे बायकोला सांगितलं. तिनं दिवसभरात रांगेतून आणलेली पिशवी दाखवली आणि म्हणाली, ‘मग ही?’ पिशवी सकु, पुल्लिंगी; तिचंच मोठं पोतं साका, स्त्रीलिंगी. ठीक आहे. हा नियम पुसला.

मेणबत्ती व्हॅला, स्त्रीलिंगी. सेल पील्या, स्त्रीलिंगी. दोन्ही दुकानातून संपल्या होत्या. वीज रात्री आली. आमच्या गल्लीत टाळ्या वाजल्या.

१८ मे, रविवार

एका कार्यालयात मुलाचा कागद करायला दिला होता. आला त्यावर ‘जन्मलेली’. त्याच्या नावाचं रोमन स्पेलिंग ‘ए’नं संपतं, म्हणजे इथल्या नजरेला ‘आ’नं, म्हणजे मुलगी. आदित्य, कृष्णा, दत्ता, सदा, बाळा: अख्खं महाराष्ट्र मंडळ इथं बायकी ठरेल. कागद बदलून घेतला. खिडकीवरच्या बाईंनी माफी मागितली आणि म्हणाल्या, अ क्रिआंसा गोड आहे. तो तिथं शेजारी उभा, दात पडलेला, पक्का मुलगा, तरी अ क्रिआंसा, स्त्रीलिंगी. मूल हा शब्द इथं कायम स्त्रीलिंगी, मुलगा असो की मुलगी. आपलं ‘ते मूल’ बरं. पसोआ (व्यक्ती) दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी आहे. परवा व्यायामशाळेतल्या धिप्पाड माणसाला ‘ती व्यक्ती’ म्हणायला मला मराठीत कधी काही वाटलं नव्हतं, इथं मात्र चाचरलो.

याच आठवड्यात स्वतःचीही एक पकडली. दोन वर्षं मी लोकांना ‘ओब्रिगादा’ म्हणत आलोय. आभार मानणारा पुरुष असेल तर ओब्रिगादु म्हणतो, बाई असेल तर ओब्रिगादा; समोर कोण आहे याचा संबंध नाही. मी शिकलो आजींकडून आणि शाळेतल्या बाईंकडून. आपल्याकडे लहान मुलगे आईचं ऐकून ‘मी आले’ म्हणतात आणि घर हसतं. मला इथं कुणी हसलं नाही, याचंच आता वाईट वाटतंय.

८ जून, रविवार

आजींनी परीक्षा घेतली. टोपलीत वस्तू घालून आणल्या होत्या. मी उचलायची आणि ‘माझा’ किंवा ‘माझी’ म्हणायचं. चमचा मिन्या, काटा मेउ, सुरी मिन्या, ताट मेउ. चाळीसपैकी चार चुकल्या. झाड अजून अडतं, मीठ अजून अडतं, मध अडतो. आणि चमत्कार म्हणजे फोटो, जो मी पहिल्याच आठवड्यात नियमासकट लिहिला होता. मराठीत ‘तो फोटो’ इतकं मुरलंय की तिथं आजोळची आजीही मदतीला येत नाही.

नाव माहीत नसलेली एक वस्तू निघाली, लिंबू पिळायची लाकडी. मी ‘इश्तु’ म्हणालो. म्हणजे ‘हे’. इश्तु, इसु, अकीलु: हे, ते, ते तिकडचं. नामांतून हाकललं गेलेलं तिसरं लिंग या तीन शब्दांत बसून आहे, आणि वस्तूचं नाव माहीत नसतं तेव्हा तेच कामी येतं. आजींनी अर्धा गुण दिला.

२४ जून, मंगळवार

काल रात्री सगळं शहर रस्त्यावर होतं. सार्डिन भाजल्याचा धूर, आणि ज्याच्या-त्याच्या हातात प्लास्टिकचा हातोडा, ओळख असो नसो डोक्यात हलकेच मारायचा. हातोडा पुल्लिंगी, सार्डिन स्त्रीलिंगी. पाचशेच्या जागी चारशे सत्तर नामं झाली, चालतंय.

आजींनी आम्हाला मंझरीकुचं रोप दिलं. बारीक पानांची, गोल छाटलेली, तुळशीच्या जातीची कुंडी. नाक लावून हुंगायचं नाही, तळहात फिरवून हात हुंगायचा. मी म्हणालो, आमच्याकडे हिची बहीण असते, दारात, आणि ती स्त्रीलिंगी. आजी म्हणाल्या, मग ह्याचं लग्न लावा. मी त्यांना सांगितलं की ते आम्ही दरवर्षी लावतो. त्यांना वाटलं माझी भाषा चुकली.

आज सुट्टी. सकाळी मुलगा स्वयंपाकघरातून ओरडला, ‘आई, तो दूध संपला!’ बायको म्हणाली, ‘ते दूध.’ तो म्हणाला, ‘तेच सांगतोय, तो दूध. आणि माझी हात चिकट झाली.’

वहीत अकरा पानं कोरी उरली आहेत. उलटी केली, मागून पहिलं पान उघडलं. माझं दूध, माझं नाक, माझं डोकं, माझा हात. दुपारी तो झोपून उठला की सुरुवात.